दगडाची निज

हेडिंग्टन, ऑक्सफर्ड
२ सप्टेंबर १९६२

प्रिय विनी,

तुझी म्हातारी आमच्या गावात येतेय. काल कर्नलसाहेबांनी, म्हणजे कॉलेजच्या कारभाऱ्यांनी, आम्हा सगळ्या पाथरवटांना परांचीवरून खाली बोलावलं आणि भाषण ठोकलं. वीस ऑक्टोबर, शनिवार, सकाळी अकरा. तुझी प्रिन्सेस अ‍ॅडेला स्वतः येणार, दोरी ओढणार, पडदा सरकणार आणि दारावरच्या कोनाड्यात नवीकोरी दगडी इडोनिया राणी दिसणार. जुनीला काजळीनं आणि पावसानं इतकं खाल्लं होतं की नाक कुठलं आणि मुकुट कुठला ते कळत नव्हतं. या गावात दगड कसा सडतो ते तुला सांगायला नको. इडोनियानं कॉलेज काढलं तेव्हापासून त्याची पालक राजघराण्यातली बाईच असते, म्हणून ही माळ तुझ्या बाईंच्या गळ्यात पडली.

आता मी थोडी फुशारकी मारतो, तू वाच. राणीचा चेहरा कोरायला लंडनहून एक लांब केसांचा मूर्तिकार आला होता, पण दगड निवडणारा मी, कापणारा मी आणि कोनाड्यात चढवून बसवणारा मी. तिचा कमरेपासून वरचा तुकडा जूनमध्ये दगाबाज निघाला. आत चीर होती, छिन्नी लागताच दोन भाग झाले. मूर्तिकार रडायच्या बेतात, कर्नल लालबुंद. मी वाट काढली आणि वेळ मारून नेली. परवा राणी वर चढली.

नेली ब्रॅम तुझी आठवण काढत होती. तुझी शाळेतली जोडीदारीण आहे तशीच आहे. सव्वीस वर्षं त्या कॉलेजात पोरांच्या खोल्या झाडतेय, तरी तोंड थकत नाही. बादली ओतायला दारात आली की मान वर करून ओरडते, "रूब, त्या बाईला नाक बसलं का? का तुझंच देणार आहेस?" तिनं या समारंभासाठी हॅट घेतली आहे, जांभळी. मी म्हटलं, बीट दिसतेस. तर म्हणाली, "तुझ्यासाठी नाही घेतली. आणि राजकन्येसाठीही नाही. विनी येणार ना, तिला दाखवायचीय."

येणार आहेस ना?

तुझा रूबेन


एल्डर्सली लॉज, बर्कशायर
९ सप्टेंबर १९६२

प्रिय रूब,

पहिली गोष्ट, तिला म्हातारी म्हणू नकोस, निदान पत्रात तरी नको. इथे नोकरमाणसांनी आपली पत्रं वाचून झाली की जाळायची असा नियम आहे आणि मी तो पाळते, पण वाटेत कोण काय उघडून बघेल सांगता येत नाही. आम्ही बाईसाहेब म्हणतो.

मी येणार. तिचे कपडे मी सांभाळते, त्यामुळे ती जिथे जाईल तिथे मागच्या गाडीत मी असतेच. म्हणून आता नीट उत्तर दे. दारापाशी पायऱ्या किती? खाली फरशी आहे की गोटे? तिला किती वेळ उभं राहावं लागेल आणि खुर्ची मिळेल का? तिचं वय चौऱ्याहत्तर आहे आणि खुबा दुखतो. तिच्याकडे एक काठी आहे, पण ती शयनगृहाच्या दारापलीकडे कोणी पाहिलेली नाही आणि पाहू नये अशी तिची इच्छा आहे. हे मला विचारायला हवं कारण मी तिला विचारू शकत नाही. एकतीस वर्षांत मी तिच्याशी आपणहून एक वाक्य बोललेली नाही. ती विचारते, मी उत्तर देते, जेवढं विचारलं तेवढंच. लोकांना यात अपमान वाटतो. सवय झाली की सोपं असतं, चुका होत नाहीत.

दुसरी गोष्ट. वाट काढली म्हणजे नक्की काय केलंस? जूनमध्ये दगड फुटला आणि ऑगस्टच्या अखेरीस दुसरा वर चढलासुद्धा? खाणीतून आलेला दगड बाबा अख्खा उन्हाळा यार्डात ठेवत. त्याच्या पोटातलं पाणी निघून गेल्याशिवाय त्याला हात लावू देत नसत. मी हातमोज्यांना इस्त्री करते, पण पाथरवटाची मुलगी आहे हे विसरू नकोस.

नेलीला सांग, हॅट बघायला येतेय.

विनी


हेडिंग्टन
२५ सप्टेंबर १९६२

प्रिय विनी,

तुझ्यापासून काही लपत नाही, हा माझा लहानपणापासूनचा जाच आहे. पत्राला उशीर झाला तो त्यामुळेच. आता सगळं सांगतो.

चीर गेलेल्या दगडाच्या जोडीचा दुसरा ख्रिसमसच्या आधी मिळणार नव्हता. यार्डात एक पडला होता, नुकताच खाणीतून आलेला, लांब पण जाडीला कमी. आडवा ठेवला तर राणीची उंची भरेना. उभा केला तर नेमकी भरत होती. मी उभा केला.

बाबा काय म्हणायचे ते तुलाही पाठ आहे. दगड खाणीत जसा निजलाय तसाच भिंतीत निजवायचा, त्याची निज मोडायची नाही. मी मोडली. त्याचे थर आता रस्त्याकडे तोंड करून उभे आहेत. पुस्तक उभं करून त्याचा पुठ्ठा पावसात धरला तर पानं कशी सुटतील, तसे ते सुटणार. मला वाटलं, सुटायला पन्नास वर्षं लागतील आणि तोवर मी मातीखाली असेन. पण दगड ओला आहे, विनी. आणि शनिवारी जोराचा पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर राणी सगळी वाळली, पण तिच्या गळ्यापासून कपाळापर्यंत कडेनं एक रेघ ओलीच राहिली. केसाएवढी बारीक. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. मी शिडी लावून बोट फिरवलं. पाणी आत जातंय.

चेहरा आणि छाती मिळून तो पापुद्रा दोन माणसांनी उचलावा एवढा भरेल. त्याच्या बरोबर खाली गोट्यांवर तुझी बाई उभी राहणार आहे, खुर्ची ठेवलेली नाही. जागेवर खडूची खूण आहे. कर्नलनं सांगितली आणि मीच केली.

तिला येऊ देऊ नकोस. तापानं निजव, जिन्यात पाय मुरगळव, तुला सुचेल ते कर. माझ्या हातच्या दगडाखाली राजघराण्यातली बाई सापडली तर मी कुठे तोंड दाखवू? बाबांचं नाव या गावातल्या निम्म्या भिंतींत आहे.

हे पत्र वाचल्याबरोबर जाळ.

रूबेन


एल्डर्सली लॉज
२८ सप्टेंबर १९६२

रूब,

कर्नलकडे जा. आज जा. मी चुकलो, दगड उतरवतो, एवढी दोन वाक्यं आहेत. मला तुझा राग आलाय आणि तो मी पत्रात लपवणार नाही. बाबा असते तर तुझ्या हातातली छिन्नी त्यांनी काढून घेतली असती, तुझ्या एकोणसाठाव्या वर्षीसुद्धा.

आणि मला जे सांगतोस ते मला जमणारं नाही. मी तिच्याशी आपणहून बोलत नाही हे मी तुला लिहिलं होतं. तू वाचलंस का?

विनी


हेडिंग्टन
३ ऑक्टोबर १९६२

प्रिय विनी,

वाचलं. दोनदा वाचलं.

कर्नलच्या दारापर्यंत गेलो होतो. टोपी हातात घेऊन उभा राहिलो. आतून तो टेलिफोनवर कोणाला तरी सांगत होता की आमच्याकडे गावातला सर्वांत जाणता पाथरवट आहे. मी परत आलो. हसू नकोस.

यार्डाच्या वहीत प्रत्येक दगडापुढे तो आडवा बसवला की कसा ते लिहून सही करायची असते. मी आडवा असं लिहून सही केली आहे. हे बाहेर आलं तर नुसती चूक राहत नाही, लबाडी होते. माझ्या हाताखाली पाच जण शिकले, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, निज ओळखा. त्यांच्यापुढे कसा उभा राहू? पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. एवढं एक वर्ष मानानं जाऊ दे.

मी शपथेवर सांगतो. समारंभ आटोपला की हिवाळ्याच्या आत तुकडा उतरवतो. कबुतरांसाठी जाळी बसवायचीय असं सांगून परांची मागून घेईन आणि गुपचूप बदलेन. मूर्तिकाराचा साचा यार्डातच आहे. फक्त त्या दिवशी तिला तिथे उभी करू नकोस. एवढंच मागतो, पुन्हा कधी काही मागणार नाही.

रूबेन


एल्डर्सली लॉज
१८ ऑक्टोबर १९६२

रूब,

ती येत नाही. उद्या सकाळच्या टपालानं कॉलेजला सर्दी झाल्याचं पत्र जाईल. इथे कारण काहीही असो, नाव सर्दीचं असतं.

कसं केलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. कुठल्याही समारंभाच्या दोन दिवस आधी मी तिचा सगळा पोशाख पलंगावर मांडते. कोट, हॅट, हातमोजे, बूट, मोत्यांची माळ. ती येऊन बघते, मान हलवते आणि जाते. आज मी राखाडी कोट मांडला, त्याच्या शेजारी मोजे, आणि मोज्यांच्या शेजारी काठी ठेवली. चांगली पुसून ठेवली, जणू पोशाखातलीच आहे.

तिची नजर काठीवर थांबली. मग म्हणाली, "हे त्या कॉलेजनं सुचवलं का?" मी म्हटलं, "दारापाशी गोटे आहेत, बाईसाहेब, आणि खुर्ची नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारी झाल्याचं आजवर कोणी तिला असं तोंडावर दाखवलं नसेल. ती म्हणाली, "मला वाटतं मला सर्दी होतेय." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी कोट परत कपाटात ठेवला. काठीही परत जागेवर ठेवली, रूब. एकतीस वर्षांत मी तिला दुखावलं नव्हतं.

माझ्या वाटणीचं मी केलं. आता तुझं तू कर. थंडीच्या आत.

विनी


हेडिंग्टन
२१ ऑक्टोबर १९६२

प्रिय विनी,

तू माझा जीव वाचवलास. काल रात्री महिन्याभरानं झोपलो.

समारंभ दहा मिनिटांत आटोपला. कॉलेजच्या प्रमुखांनी स्वतःच दोरी ओढली आणि राजकन्येची सर्दी लवकर बरी होवो असं लॅटिनमध्ये काहीतरी बोलले. पाऊस नव्हता, त्यामुळे रेघही नव्हती. राणी देखणी दिसली, माझा शत्रूही हे कबूल करील. मी मात्र सगळा वेळ तिच्या गळ्याकडे बघत होतो, आणि टाळ्या थांबल्यावर पहिला बाहेर पडलो.

नेली भडकली आहे. जांभळी हॅट घालून सगळ्या बायकांच्या पुढे उभी होती. मला म्हणाली, "सर्दी? मी गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियात जिने पुसलेत. तुझ्या बहिणीला सांग, तिच्या बाईला जरा मोहरीच्या पाण्यात पाय बुडवून बसव." तिला तुला भेटायची फार इच्छा होती. म्हणाली, आता मीच जाऊन भेटते, विनीला सुट्टी मिळायची नाही.

परांची सध्या चॅपेलच्या बाजूला लागली आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर मोकळी होईल, तेव्हा आपलं काम उरकतो. काळजी करू नकोस.

रूबेन


एल्डर्सली लॉज
२५ नोव्हेंबर १९६२

प्रिय रूब,

उतरवलास का? एका शब्दात कळव.

इथे ती माझ्याशी अगदी नीट वागते, पण पलंगावरचा पोशाख आता दुसरी बाई मांडते. मला कपाटं आणि इस्त्री ठेवली आहे. कोणी काही बोललं नाही, इथे बोलत नाहीत. मला त्याचं फार लागलं असं तुला वाटू नये म्हणून लिहीत नव्हते. लागलं.

विनी


हेडिंग्टन
६ जानेवारी १९६३

प्रिय विनी,

तुझ्या पत्राचं उत्तर राहून गेलं, माफ कर. नाताळही तसाच गेला.

असला बर्फ मी जन्मात पाहिला नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून पडतोय आणि वितळायचं नाव नाही. नदी गोठली आहे, पोरं तिच्यावरून चालत जातात. यार्ड बंद आहे. या थंडीत चुना धरत नाही, त्यामुळे कुठला दगड काढता येत नाही आणि बसवताही येत नाही. चॅपेलचं काम लांबलं आणि परांची डिसेंबरात मोकळी झाली तेव्हा गारठा सुरू झाला होता. म्हणजे आता वसंतातच. मी चुकारपणा करत नाहीये, खरंच इलाज नाही.

परवा जाऊन बघून आलो. राणी दगडासारखी गोठली आहे, हे लिहितानाच हसू येतंय. रेघेत बर्फ भरलाय आणि त्यानं सगळं घट्ट धरून ठेवलंय. हातोडीनं हळूच ठोकून पाहिलं, भरीव आवाज येतो. आणि सध्या सुट्टी आहे, दारातून कोणी जात-येत नाही. नेली आणि तिच्या बायका तेवढ्या.

तुझ्या कामाचं वाईट वाटलं. माझ्यामुळे झालं हे मला कळतंय.

रूबेन


हेडिंग्टन
८ मार्च १९६३

विनी,

नेली गेली.

तार करणार होतो, पण तारेत काय लिहायचं ते सुचेना. बुधवारी दहा आठवड्यांत पहिल्यांदा पहाटे काही गोठलं नाही. काल दुपारी ऊन पडलं, सगळ्या गावात पागोळ्या गळत होत्या, लोक दारांत येऊन उभे राहिले होते. आज पहाटे सहाला नेली कामावर आली. बाकीच्या पुढे आत गेल्या, ती पायातले बूट आपटून चिखल झाडायला दारात थांबली. वरून राणीचा चेहरा आणि छाती अखंड सुटून आली. तिला कळलं नसेल असं डॉक्टर म्हणतात. मला आठला निरोप आला. मी गेलो तेव्हा तिला नेलं होतं. बादली भिंतीशी तशीच होती.

मी वर पाहिलं. कोनाड्यात मुकुटाचा मागचा भाग आणि सपाट, पांढरा, ताजा दगड. थर न् थर दिसत होता.

कर्नल म्हणतात, थंडीनं झालं. अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं आज चौकशी उघडली आणि अठ्ठावीसपर्यंत पुढे ढकलली, तोही थंडीच म्हणतोय. सगळ्या गावात नळ फुटलेत, छपरं बसलीत, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटत नाही. कर्नलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तिची मुलगी जोन मला येऊन बिलगली. मी तिला बाजूला केलं नाही.

दफन पंधराला आहे. तू येशीलच. पत्रं जाळली आहेस ना?

रूबेन


एल्डर्सली लॉज
१६ मार्च १९६३

रूब,

काल तू माझ्या शेजारी उभा होतास. खड्ड्यावर माती टाकून झाली आणि आपण दोघं एक शब्द न बोलता वेगवेगळ्या दिशांना निघालो. म्हणून लिहिते.

दफनाला यायचं म्हणून रजा हवी होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याशी न विचारता बोलले. म्हटलं, बाईसाहेब, माझी मैत्रीण गेली, मला जायचंय. कशानं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "त्याच दारात? मी जाणार होते त्या?" मी हो म्हटलं. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "केवढं नशीब." मग भानावर येऊन "तुझ्या मैत्रिणीचं वाईट झालं," असं म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. पण आधी काय म्हणाली ते मी ऐकलं होतं.

मला तिचा राग येत नाही, रूब. आला असता तर बरं होतं. आपण दोघांनी तिच्यापेक्षा वेगळं काय केलं? तुझं सहा जानेवारीचं पत्र मी वाचलं. दारातून कोणी जात नाही, नेली आणि तिच्या बायका तेवढ्या. हे मी वाचलं, पत्र घडी केलं आणि हातमोजे इस्त्री करायला गेले. तिला सात वर्षांची असल्यापासून ओळखत होते. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. राजकन्या येणार नाही, म्हणजे धोका टळला, असंच मी धरून चालले होते. काठी पुसून पलंगावर ठेवायला मला सुचलं, नेलीला चार ओळी लिहायला सुचलं नाही. बाजूच्या दारानं जात जा, एवढं लिहिलं असतं तर तिनं कारणही विचारलं नसतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. इथे आल्यापासूनची सगळी पत्रं मी जाळली. आईची शेवटची पत्रंसुद्धा. तुझं पंचवीस सप्टेंबरचं जाळलं नाही. तेव्हा का ठेवलं ते मला माहीत नाही. चांगुलपणानं ठेवलं असं मी म्हणणार नाही.

ते यासोबत परत पाठवते आहे. त्याची दुसरी प्रत नाही आणि मी ते कोणाला दाखवलेलं नाही. जाळायचं असेल तर आता तूच जाळ. मी अठ्ठावीसला येणार नाही. तुझ्या मागे उभं राहून तुला ढकलायचं नाही मला, आणि तुला झाकायचंही नाही. जोनला खरं कळलं की नाही ते मला वर्तमानपत्रातून कळेल.

विनी


हेडिंग्टन
३० मार्च १९६३

प्रिय विनी,

जाळलं नाही.

कबूल करतो, बुधवारी रात्री शेगडीपर्यंत गेलो होतो. तुझं पत्र वरती होतं, ते बाजूला करायला हात गेला आणि त्यातलंच वाक्य पुन्हा वाचलं, हातमोज्यांचं. मग दोन्ही पत्रं कोटाच्या खिशात ठेवली.

गुरुवारी कोर्टात खच्चून गर्दी होती. कर्नल, यार्डाचे मालक, माझे पाचही शिकाऊ, जोन, आणि मागच्या दोन बाकांवर कॉलेजच्या बायका, कामावरच्या कोटांतच आलेल्या. कर्नलनं थंडीचं सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. कॉरोनर म्हणाला, "मिस्टर हॉबडे, तुम्हाला काही भर घालायची आहे का?" त्याला नाही असंच उत्तर हवं होतं, त्यानं कागदसुद्धा आवरायला घेतले होते. मी म्हटलं, दगडाला थंडीनं मारलं नाही, मी मारलं. आणि सगळं सांगितलं. निज मोडली ते, दगड ओला होता ते, वहीत खोटी सही केली ते. मग तू परत पाठवलेलं माझं पत्र त्याच्या हातात दिलं. तुझं नाव त्यात आलं, विनी. त्याला इलाज नव्हता. आता तुझं तिथे काय होईल ते मला माहीत नाही.

त्यानं पत्र शांतपणे वाचलं. यार्डाचे मालक मान खाली घालून बसले होते. माझ्या शिकाऊंकडे मी पाहिलं नाही.

मग त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "दगड पडेल हे तुम्हाला सप्टेंबरपासून माहीत होतं. तुम्ही प्रिन्सेसना तिथून दूर ठेवण्याची व्यवस्था केलीत. त्या दारातून रोज सकाळी आणखी कोणी जातं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

मी म्हटलं, माहीत होतं.

"किती जणी?"

"चौदा, साहेब."

"तुम्ही त्यांना ओळखत होता?"

"नावानिशी."

त्यानं लेखणी उचलली आणि म्हणाला, नावं सांगा. मी सांगायला लागलो. मेबल स्टोन, आयव्ही टर्ल, दोघी केंच बहिणी, रोझ अ‍ॅलनट. सगळ्या समोरच बसल्या होत्या. नाव घेतलं की ती ती बाई मान वर करून माझ्याकडे बघायची. शिव्या कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेरा नावं झाली आणि मी थांबलो. कॉरोनर वाट बघत होता, म्हणून चौदावं घेतलं.

तो म्हणाला, "सहा महिन्यांत यांच्यापैकी एकीला तरी काही बोललात?"

मी म्हटलं, नाही साहेब. त्यांचं मनातच आलं नाही.

त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. सही करायला सांगितली. मी केली.

रूबेन